मागच्या खोलीतली मांडणी

मी, श्रीमती अबिगेल झकेरिया झिराडकर, वय वर्षे शहात्तर, बेने इस्राएल, जन्म रेवदंड्याचा, गेली त्रेपन्न वर्षं राहणार हाउन्सलो, लंडन, विमानकंपनीच्या स्वयंपाकघरातून निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या भाषेत आणि माझ्या मर्जीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते: लिंबू, पूल, खुर्ची. ते मला आजही आठवतात, आणि त्या दिवशी बाईंच्या बुटाची लेस सुटली होती हेही आठवतं. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. दडपण घेण्याचं वय गेलं.

कलम १. याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये मी सॉलिसिटरच्या ऑफिसात एक मृत्युपत्र केलं होतं. ते या लेखाने रद्द करते. त्यात मी मागच्या खोलीतली सगळी पुस्तकं, आणि ती ज्या मांडणीत लावलेली आहेत ती लाकडी मांडणी, एका निसर्गसंस्थेला दिली होती. माझा मुलगा ऍरन याला त्या खोलीतून काहीही मिळू नये, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. ते मी रागात केलं. राग खरा होता, पण माहिती अपुरी होती. ती कशी पुरी झाली ते पाचव्या कलमात सांगते.

कलम २. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी मुलगी अदीना हिने करावी. ती लेस्टरच्या एका हॉस्पिटलात वॉर्ड सांभाळते, त्यामुळे हट्टी माणसं हाताळायची तिला सवय आहे. मी हे मराठीत लिहिणार असं तिला फोनवर सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मम्मी, माझा मराठी फक्त किचनपुरता आहे."

"तेवढी पुरेल," मी म्हटलं, "मी काही कठीण लिहीत नाही."

सॉलिसिटरबाई म्हणाल्या की भाषा कुठलीही चालते, अधिकृत इंग्रजी भाषांतर जोडलं म्हणजे झालं. ते जोडावं. पण त्याआधी हे एकदा मराठीत मोठ्याने वाचलं जावं, आणि दोन्ही मुलांनी शेजारी शेजारी बसून ऐकावं. वाचण्याचं काम शेजारची मनीषा ठेंगडी करील. तिने कबूल केलं आहे. मध्ये रडू आलं तर थांबून पाणी प्यावं आणि पुढे वाचावं, हेही तिला सांगून ठेवलं आहे.

कलम ३. हाउन्सलोचं राहतं घर ऍरन आणि अदीना यांना निम्मं निम्मं. बिल्डिंग सोसायटीत, म्हणजे इथल्या बचतीच्या बँकेत, जे आहे तेही निम्मं निम्मं. घर विकावं. मी गेल्यावर ते कोणी राखत बसू नये. छत गळतं आणि विमानं दर दीड मिनिटाला डोक्यावरून जातात, माझ्याखेरीज कोणाला त्याचं कौतुक वाटणार नाही.

फक्त एक अपवाद. सॉलिसिटरबाईंनी समजावलं की भिंतीला स्क्रूने बसवलेली वस्तू ही घराचाच भाग धरतात आणि ती घर घेणाऱ्याकडे जाते. म्हणून इथे वेगळं लिहिते: मागच्या खोलीतली मांडणी घरात धरू नये. विकण्याआधी ती उतरवून घ्यावी. ती उतरते. तशीच बनवली आहे. कुठेही सरस लावलेला नाही, आणि प्रत्येक फळीच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने मराठी आकडा घातलेला आहे, डावीकडून उजवीकडे, खालून वर, एक ते चव्वेचाळीस.

कलम ४. ही मांडणी कोणी बनवली, याबद्दल आमच्या लोकांत एक समज आहे. तो मी इथे दुरुस्त करते.

मी १९७२ साली लग्न करून इथे आले. रेवदंड्याला मला वाडीतलं प्रत्येक झाड माहीत होतं. इथे आल्यावर रस्त्याने चालताना एकाचंही नाव येईना. लग्नघरात जावं आणि कोणी कोणाची ओळख करून देऊ नये, तसं ते पहिलं वर्ष गेलं. मग शाळेच्या एका जुन्या वस्तूंच्या विक्रीत मला झाडांचं एक पुस्तक मिळालं. इंग्रजी मला तेव्हा बेताचं येत होतं, पण चित्रं होती. ते घेऊन मी हाउन्सलो हीथ या इथल्या माळरानावर गेले आणि एका झाडाखाली उभं राहून त्याचं पान पुस्तकातल्या पानाशी ताडून पाहिलं. हॉथॉर्न. मी समासात लिहिलं, "बोरीची थोरली बहीण. काटे तेच, फळ बेचव." तिथून सुरुवात झाली. झाडं, मग पक्षी, मग शेवाळ, फुलपाखरं, भुंगे, नदीतले मासे. स्वयंपाकघरात आठ तास ट्रे भरायचे आणि सुट्टीच्या दिवशी क्रेन नदीच्या काठाने हिंडायचं. पुस्तकं सहाशेच्या वर गेली. ती केळ्यांच्या खोक्यांत, जिन्याखाली, पलंगाखाली राहत होती.

माझे पती झकेरिया हे सुतार. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरात स्वयंपाकघरं बसवली. इतकी नेटकी की लोक पाहुण्यांना ड्रॉवर उघडून दाखवत. मी म्हणायचे, "अहो, मला एक मांडणी." ते म्हणायचे, "या हिवाळ्यात." असे पुष्कळ हिवाळे गेले. ते वाईट नव्हते, दमलेले होते. पण मी ते विसरले नाही, असं इथे नमूद करते.

२०११ साली ते निवृत्त झाले, आणि त्याच वर्षी डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला. हे त्यांनी माझ्याखेरीज कोणालाही कळू दिलं नाही. उजवा हात खिशात ठेवून बोलायची सवय लावून घेतली. एके दिवशी सकाळी मी चहा घेऊन मागच्या खोलीत गेले, तर ते भिंतीपाशी मोजपट्टी घेऊन उभे होते. पट्टीचं टोक भिंतीवर टकटक वाजत होतं. ते दोन्ही हातांनी धरूनही थांबत नव्हतं.

"उशीर केला मी," ते म्हणाले.

मी चहा खाली ठेवला. "हात माझे घ्या," मी म्हटलं.

ते हसले. "तुझे हात ट्रे भरायचे."

"एका ट्रेवर अकरा वस्तू, प्रत्येकीची जागा ठरलेली. एकही ट्रे कधी परत आला नाही."

त्यांनी मोजपट्टी माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "आधी पुस्तकं मोज. लाकडाचं नंतर बघू."

तीन आठवडे मी पुस्तकं मोजली. प्रत्येकाची उंची, प्रत्येकाची रुंदी, वहीत. तेव्हा कळलं की सहाशे पुस्तकं खरं तर पाचच उंचीची आहेत. खिशात मावणारी, हातात मावणारी, मांडीवर घ्यायची, टेबलावर ठेवायची, आणि नकाशांची तीन जी कुठेच मावत नाहीत. त्या पाच मापांवर सगळे खण ठरले. खिडकीशी त्यांनी एक उतरती फळी आखायला लावली, खाली छोटी पट्टी असलेली, म्हणजे बाहेर दाणे टिपायला पक्षी आला तर पुस्तक उघडं ठेवून बघता येईल. ती कल्पना त्यांची. मी मागितली नव्हती.

मग सात महिने काम चाललं. ते स्टुलावर बसून सांगायचे, मी करायचे. ऍश या इथल्या झाडाचं लाकूड आणलं. पहिली फळी मी वाकडी कापली.

"करवत ढकलू नकोस," ते म्हणाले, "ती आपल्या वजनाने जाते. तू फक्त वाट दाखव."

"अहो, पण वाकडी जातेय."

"मग थांब. बाहेर काढ. दुसऱ्या बाजूने ये."

रंधा मारायला मला दोन महिने लागले. भुशाने खोकला झाला. एकदा पटाशी अंगठ्यात गेली, तेव्हा त्यांनी पट्टी बांधायला घेतली आणि त्यांना गाठ मारता येईना, म्हणून एक टोक मी दाताने धरलं आणि एक त्यांनी, आणि आम्ही दोघं हसत सुटलो. घरातली एकही भिंत काटकोनात नाही, त्यामुळे प्रत्येक फळी तिच्या जागेपुरती वेगळी घासावी लागली. ते मध्येच एखादं पुस्तक उघडून चित्रं बघायचे आणि विचारायचे, "याला आपल्याकडे काय म्हणतात?" मी सांगायचे. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही एका खोलीत इतका वेळ कधी बसलो नव्हतो. ते सात महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. मधुचंद्रासकट धरून बोलते आहे.

मांडणी पूर्ण झाली तेव्हा आमच्या रीतीप्रमाणे देवाचे आभार मानायला घरी मलिदा केला. तीसेक माणसं आली. माझे दीर आशेर यांनी फळीवरून हात फिरवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "झकेरिया, हे तुझं आजवरचं सगळ्यात सुंदर काम."

माझे पती म्हणाले, "हं."

मी दारात मलिद्याचं ताट धरून उभी होते.

पाहुणे गेल्यावर भांडी पुसताना मी विचारलं, "एवढंसं सांगता आलं नाही तुम्हाला?"

ते म्हणाले, "तुझं नाव सांगायला मला काय होतं? पण मग माझे हात का नाहीत, हेही सांगावं लागलं असतं."

"मग सांगा."

"अबी, अजून थोडे दिवस मला सुतार राहू दे."

मी गप्प बसले. ते २०१८ साली गेले. तोवर सगळ्यांना आजार कळला होता, पण मांडणीची गोष्ट तशीच राहिली, आणि ते गेल्यावर ती उकरून काढणं मला बरं दिसेना. त्यांच्यावर माझा राग होता. त्यांच्यावर माझं प्रेमही होतं. एकाने दुसरं कमी झालं नाही. आता इथे लिहिते: मागच्या खोलीतली मांडणी झकेरिया झिराडकर यांनी आखली आणि अबिगेल झिराडकर हिने बांधली.

कलम ५. ऍरन स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटवर एका मोठ्या वेअरहाउसचा मॅनेजर आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो आला आणि म्हणाला की मी हे घर विकून त्याच्या जवळ फ्लॅट घ्यावा. त्यात वाईट काही नव्हतं. पण मग तो मागच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "मम्मी, हे शेल्फ काढून टाकू. म्हणजे प्रॉपर थ्री बेडरूम म्हणून विकता येईल. ते काम काही इतका खास पण नाही आहे."

मी म्हटलं, "चहा संपव आणि जा."

तो गेला. आम्ही चार महिने बोललो नाही. पहिल्या कलमातलं मृत्युपत्र त्या चार महिन्यांतलं.

फेब्रुवारीत मी मागच्या दाराच्या पायरीवर घसरले. खुबा आणि डावं मनगट. अदीनाला रजा मिळेना. हॉस्पिटलातून घरी सोडलं तेव्हा दारात ऍरन उभा होता, हातात बॅग घेऊन. मी त्याला बोलावलं नव्हतं. तो तीन आठवडे राहिला. छोटी खोली सामानाने भरलेली, म्हणून तो मागच्या खोलीत जमिनीवर हवेची गादी टाकून झोपायचा. आम्ही औषधं आणि सूप याखेरीज फारसं बोलत नव्हतो.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी तो चहा घेऊन आला आणि उभाच राहिला.

"मम्मी, एक विचारू? ते शेल्फ पप्पांनी कोणाकडून करून घेतला?"

"का?"

"पप्पांचे स्क्रू सगळे उभे असायचे. स्क्रूवर ती खाच असते ना, ती वर-खाली, सगळे एक लाइनमध्ये. मी लहान होतो तेव्हा संडेला त्यांच्याबरोबर जायचो, माझं जॉबच ते होता. एक जरी तिरका राहिला तरी पप्पा परत करायला लावायचे. आणि या शेल्फमध्ये प्रत्येक स्क्रू वेगळी दिशेला बघतो. मला त्या मलिद्याच्या दिवशीच कळला. आशेरकाका तारीफ करत होते, आणि पप्पा 'हं' म्हणाले. त्यांनी मला सगळ्यात पहिला काय शिकवला? दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव लावायचं नाही. मला वाटला, कोणीतरी भाड्याचा माणूस आणला आणि क्रेडिट स्वतः घेतला. त्यानंतर मला त्यांच्याशी नीट बोलता नाही आला. एंडपर्यंत."

मला तेव्हा आठवलं की बापाच्या दफनाच्या दिवशी हा मुलगा एक शब्द न बोलता उभा होता, आणि मी त्याला कठोर म्हटलं होतं. त्याच्या बहिणीजवळ म्हटलं होतं, आणि मनात तर रोज.

"भाड्याचा माणूस नव्हता," मी म्हटलं. "मी केलं."

त्याने माझ्या प्लास्टरमधल्या हाताकडे बघितलं. "तू?"

मी त्याला सगळं सांगितलं. मोजपट्टी, स्टूल, अंगठ्याची गाठ, भांडी पुसताना झालेलं बोलणं. तो पलंगाच्या कडेला बसला. मध्ये एकदाच त्याने विचारलं, "तेव्हाच हात इतका खराब होता?"

"त्यांना दाढीचा ब्रश धरता येत नव्हता."

"मग मला का नाही सांगितला?"

"त्यांनी सांगू दिलं नाही आणि मी त्यांचं ऐकलं. तुझं नुकसान झालं त्यात. ती चूक माझी."

चहा गार झाला होता. तो उठला, दुरुस्तीच्या पेटीतून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि मागच्या खोलीत गेला. मला हलता येत नव्हतं. मी कान देऊन पडून राहिले. अर्ध्या तासाने तो परत आला, स्क्रूड्रायव्हर हातातच.

"सगळे सरळ करणार होतो," तो म्हणाला. "पप्पांसारखे. मग एक पण नाही केला."

"का रे?"

"मग ते तुझे राहिले नसते."

म्हणून ही मांडणी, तिच्या चव्वेचाळीस फळ्या, उतरती फळी आणि सगळे पितळी स्क्रू यांसह, मी माझा मुलगा ऍरन याला देते. त्याच्या घराचं छत आमच्यापेक्षा बुटकं आहे, हे मला माहीत आहे. कापावी लागली तर कापावी. लाकूड आहे, तोराहची पवित्र गुंडाळी नव्हे. पुन्हा बसवताना स्क्रूच्या खाचा उभ्या ठेवायच्या की कशाही, हे त्याने ठरवावं.

कलम ६. झकेरिया यांची हत्यारं माझे दीर आशेर यांना. आशेरभावोजींनी २००६ साली मोठा रंधा दोन दिवसांसाठी नेला. तो अजून यायचा आहे. मी तो कधी मागितला नाही, पण 'जे' नावाच्या पक्ष्याच्या चित्रापाशी समासात मी लिहून ठेवलं आहे: "रंग सुंदर, आवाज फार, घेतलेलं परत करत नाही." ते त्यांनी वाचावं अशी माझी इच्छा आहे. मात्र हत्यारं एकत्र असलेली बरी, आणि रंधा काही परत येणार नाही. तेव्हा पटाशा आणि करवतींनी त्याच्याकडे जावं. मी ज्या पटाशीने काम केलं ती एक, पिवळ्या मुठीची, ऍरनने ठेवून घ्यावी.

कलम ७. पुस्तकं मांडणीबरोबर ऍरनकडे जातील, पुढील सोडून.

पक्ष्यांची सगळी अदीनाला. ती सात वर्षांची असताना माझ्याबरोबर हीथवर येऊन पहाटेच्या थंडीत न कुरकुरता उभी राहायची. रॉबिनच्या पानावर तिच्या अक्षरात वेडंवाकडं 'अ' आहे. मराठीत तिने लिहिलेलं तेवढंच.

झाडांचं पहिलं पुस्तक मनीषाला. ती नागपूरहून इथे आली त्या वर्षी एकदा दार वाजवून म्हणाली, "मावशी, आई व्हिडिओ कॉलवर विचारते की दारासमोरचं झाड कशाचं आहे, आणि मला सांगताच येत नाही." मी तिला आत घेतलं. ते हॉर्नबीम निघालं. तिने समासातलं माझं मराठी वाचायला सुरुवात केली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. माझ्यानंतर समासातलं वाचणारं घरात कोणी नाही, ही मला लागून राहिलेली गोष्ट होती. म्हणून मनीषाला विनंती आहे, अट नाही: वर्षातून एकदा तिने ऍरनकडे जावं, त्याच्या हाती येईल ते पुस्तक काढावं आणि त्यातले समास त्याला वाचून दाखवावेत. त्याने तिला जेवायला घालावं.

मनीषाला देणगी असल्यामुळे ती किंवा तिचे यजमान उल्हास यांना या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करता येत नाही. उल्हासनी पेन आणून ठेवलं होतं, त्यांना वाईट वाटलं. साक्षीदारांसाठी केलेला केक त्यांनाही मिळेल.

कलम ८. माझं दफन झकेरिया यांच्या शेजारी, आपल्या रीतीने, लवकरात लवकर. फुलं आणू नयेत. आपल्यात ती रीत नाही, आणि तोडलेली फुलं मला तशीही कधी आवडली नाहीत. कोणी बोलणार असेल तर थोडं बोलावं. ऍरनला बोलावंसं वाटलं तर त्याला सगळ्यांच्या आधी बोलू द्यावं, आणि नाही वाटलं तर त्यावरून त्याला कोणी काही म्हणू नये. हे मी त्याच्या बापाच्या वेळचं माझं म्हणणं मागे घेण्यासाठी लिहिते.

कलम ९. शेवटचं. मांडणी भरली आहे आणि पुस्तकं येणं थांबलेलं नाही. त्यामुळे जिन्याच्या वर, बाथरूमच्या दाराशेजारी जी अरुंद भिंत आहे, तिथे आम्ही आणखी एक छोटी मांडणी बांधतो आहोत. ऍरन दर रविवारी येतो. आता माझं मनगट पुरतं वळत नाही, म्हणून स्टुलावर मी बसते आणि करवत त्याच्या हातात असते. त्याला घाई फार. पाचपैकी तीन फळ्या झाल्या आहेत. मी मध्येच गेले तर उरलेल्या दोन त्याने बसवाव्यात. मापं स्वयंपाकघरातल्या वहीत आहेत. तिसरी फळी डावीकडे जराशी उतरते. ती त्याने नव्हे, मी बसवली, एका मंगळवारी, तो नसताना, धीर धरवेना म्हणून. तो आला, त्याने तिच्यावर पाणसळ ठेवली, बुडबुड्याकडे बघितलं, आणि फळी तशीच ठेवून जड पुस्तकं उजवीकडे लावली.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला आणि मला तो पटला. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत खाली सही करीत आहे.

(सही) अबिगेल झकेरिया झिराडकर

आम्ही खाली सह्या करणारे, या मृत्युपत्रातून आम्हांला काहीही मिळणार नाही हे जाणून, बाईंनी आमच्यासमोर सही केल्याचं पाहिलं आणि लगेच त्यांच्यासमोर आमच्या सह्या केल्या.

साक्षीदार १: (सही) गिरीश टिपणीस, निवृत्त बसचालक, हाउन्सलो
साक्षीदार २: (सही) स्वराली पोंक्षे, औषधविक्रेती, हाउन्सलो

स्थळ: हाउन्सलो, राहत्या घरी, मागची खोली
दिनांक: रविवार, ९ मार्च २०२५